२९ इंची हार्डटेल घरी बांधायची आहे, उंची ५ फूट २ इंच. मार्गदर्शन हवं

मुलुंडची_चढण

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २६ इंची चाकांची जुनी ॲल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) आहे. पुढे तीन चकत्या, मागे आठ, डिस्क ब्रेक. सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता मुलुंडहून निघायचं, ठाण्याकडून येऊरचा चढ चढायचा, नाहीतर पवईवरून आरेत शिरायचं, हे माझं नेहमीचं. मध्यंतरी आरेत मैत्रिणीची २९ इंची चालवली. झाडांच्या मुळांचा जो पट्टा आहे तिथे माझं पुढचं चाक दरवेळी अडतं आणि वेग मरतो. तिची सायकल तिथून सरळ निघून गेली, मी वेगळं काही केलं नाही. तेव्हापासून तीच एक गोष्ट डोक्यात आहे.

तयार सायकल घेण्यापेक्षा एकेक भाग निवडून स्वतः बांधायची इच्छा आहे. घाई नाही, गणपतीपर्यंत झाली तरी चालेल. ॲलन की, चेन तोडायचं हत्यार, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) काढायचं हत्यार घरात आहे. सासूबाईंनी हॉलमधला दिवाणाशेजारचा कोपरा देऊ केलाय, खाली वर्तमानपत्र अंथरायच्या अटीवर.

प्रश्न असे. माझ्या आत्ताच्या फ्रेममध्ये २९ चं चाक बसवता येईल का, म्हणजे फ्रेमचा खर्च वाचेल? माझ्या उंचीला २९ मोठं पडेल का? दोनजण म्हणाले की बुटक्या माणसांनी २७.५ च घ्यावी. आणि चाकं तयार घ्यावीत की बांधून?

लालबाग_ते_लोणावळा

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. सुटे भाग घेऊन बांधलेली सायकल तयार सायकलपेक्षा महागच पडते. कंपनी हजारोंनी भाग उचलते, आपण दुकानात एकेक घेतो. त्याच पैशात तयार सायकलला फोर्क एक पायरी वरचा मिळतो. वापरलेली, चांगल्या अवस्थेतली २९ इंची शोधा आणि फिरायला लागा.

उंचीचं मात्र मनावर घेऊ नका. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीचं सुवर्ण यारोस्लाव कुलहावीने २९ वर जिंकलं आणि निनो शुर्टरचं रौप्य २७.५ वर आलं. तेव्हा सगळे हेच म्हणत होते की उंच माणसाला २९, मध्यम उंचीच्या माणसाला २७.५. चार वर्षांनी रिओमध्ये शुर्टरने सुवर्ण मिळवलं ते २९ वर.

फिटरकाका_विक्रोळी

ताई, नमस्कार. परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. कन्नमवार नगरातल्या घरात सायकली बांधतो, स्वतःच्या आणि ओळखीच्या पोरांच्या. क्रमाने सांगतो.

आधी फ्रेम. २६ च्या फ्रेममध्ये २९ चं चाक घालायचा विचार सोडून द्या. रिमवर टायरची कड जिथे बसते तो व्यास २६ ला ५५९ मिलिमीटर, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. म्हणजे २६ ऐवजी २९ घातलं तर त्रिज्या साडेएकतीस मिलिमीटरने वाढली. मागच्या दोन दांड्यांच्या मधे तेवढी जागाच नसते, टायर आडव्या पट्टीला घासतो. एखाद्या फ्रेममध्ये मारून मुटकून बसलंच तरी क्रँक (पायडलचा दांडा) तेवढाच वर उचलला जातो आणि उतारावर आपण सायकलीच्या आत बसल्यासारखे न राहता वर टांगल्यासारखे होतो. डिस्क ब्रेक असल्यामुळे ब्रेकची अडचण येत नाही, म्हणून लोकांना वाटतं जमेल. २७.५ चं बारीक टायर कधीकधी जमतं, कारण तिथे फरक साडेबारा मिलिमीटरचाच आहे. पण तुम्हाला हवंय ते त्यातून मिळणार नाही.

६२२ हा आकडा ओळखीचा वाटला असेल. हायब्रिड आणि रेसिंग सायकलींचं ७०० सी म्हणतात ते हेच माप. म्हणून कोणीतरी दुकानदार तुम्हाला हायब्रिडची रिम दाखवील की ही पण २९ च आहे. व्यास तोच असतो, रुंदी नसते. २.२५ किंवा २.३५ च्या टायरला आतून २५ ते ३० मिलिमीटर रुंद रिम लागते. १७ च्या रिमवर तो टायर चढतो खरा, पण वळणावर खालून लोळतो आणि हवा कमी ठेवता येत नाही. मोठ्या चाकाचा अर्धा फायदा कमी हवेत आहे.

मुळांवर जे तुम्हाला जाणवलं त्याचंही सांगतो. २.२५ टायरसकट २६ चं चाक साधारण ६७३ मिलिमीटर भरतं आणि २९ चं ७३६. फूटभर लांबीच्या खड्ड्यात मोठं चाक लहानापेक्षा जेमतेम साडेतीन मिलिमीटर कमी उतरतं. कागदावर हे काहीच नाही. पण एका मागून एक दहा-बारा मुळं आली की प्रत्येक ठिकाणी वाचलेला थोडा थोडा वेग साठत जातो. सुट्या एका दगडावर फरक कळत नाही, लागोपाठच्या खडबडीवर कळतो. तुम्ही बरोबर जागी ओळखलात.

आता उंची. ५ फूट २ इंचाला २९ चालते, फ्रेम नीट निवडली तर. दुकानात 'स्मॉल' ऐकून घेऊ नका, टेप घेऊन जा. दोन पायांत सायकल धरून उभं राहिल्यावर आडव्या नळीच्या वर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. फोर्क १०० मिलिमीटरचाच (म्हणजे तेवढाच दबणारा) घ्या. २९ च्या चाकामुळे फोर्क मुळातच लांब असतो, त्यात १२० घेतलात तर हँडल छातीशी येतं. शिवाय फोर्क २० मिलिमीटरने लांब झाला की हेडचा (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा) कोन अंदाजे एक अंशाने आडवा होतो आणि येऊरच्या चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. हँडल सपाट, स्टेमखाली वायसर कमीत कमी, क्रँक १६५ मिलिमीटरचा. एवढं केलंत की २७.५ ची आठवण येणार नाही. हळू वळताना बुटाचं टोक टायरला लागतंय का तेवढं मात्र बसून बघा, लहान फ्रेमला ते होतं. काही कंपन्या आपल्या सगळ्यात लहान मापांना मुद्दाम २७.५ देतात त्यामागे ही सगळी कारणं आहेत, तो सल्ला देणारे अगदीच चुकीचं सांगत नव्हते.

लालबागवाले म्हणतात ते खर्चाच्या बाबतीत खरं आहे. माझा सल्ला मधला. वापरलेली २९ शोधा, फ्रेम आणि फोर्क चांगला असलेली. बाकी ती पूर्ण खोला आणि परत बांधा. पैसा आणि मेहनत दोन्ही चाकांवर लावा. मोठ्या चाकाच्या सायकलीत चाक कच्चं असेल तर वर कितीही भारी गिअर लावा, ती सायकल चांगली होत नाही.

मुलुंडची_चढण

काका, मनापासून आभार. हे सगळं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं.

फ्रेम बघायला जाईन तेव्हा नेमकं काय तपासू? आणि गिअर. मला येऊरच्या चढावर सगळ्यात हलका गिअर लागतोच, पुढे २२ मागे ३२. पुढे एकच चकती असलेल्या सायकलीवर तेवढं हलकं मिळेल का?

फिटरकाका_विक्रोळी

गिअरचं गणित घरी करता येतं. पायडलची एक फेरी झाली की सायकल किती पुढे जाते ते काढायचं. तुमच्या २६ चा घेर सुमारे २.११ मीटर. २२ ला ३२ ने भागून त्याने गुणलं की १.४५ मीटर. २९ चा घेर २.३१ मीटर. पुढे ३० ची चकती आणि मागे ४८ दात घेतले तर १.४४ मीटर येतात. म्हणजे तुमचा येऊरचा गिअर जसाच्या तसा. पुढे ३२ लावून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. २९ वरची ३२ ही २६ वरच्या ३५ सारखी जड लागते.

मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स दहा स्पीडचा सेट ११-४८ मध्ये येतो आणि शिमानोच्या जुन्या, नेहमीच्या एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट चढते तो भाग) बसतो. शिमानोचं बारा स्पीडचं १०-५१ घ्यायचं म्हटलं तर मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, म्हणजे हब बदलायला आला. आपल्याकडे चिखलात आणि मिठाच्या हवेत चेन-कॅसेट लवकर झिजते. जे स्वस्त आहे आणि परत मिळेल तेच लावावं.

फ्रेम बघताना चार मापं वहीत लिहून आणा. एक, क्रँकच्या नळीत आटे आहेत की बेअरिंग ठोकून बसवलंय. आटेवाली घ्या, ७३ मिलिमीटर बीएसए. पावसाळ्यात ठोकलेल्या बेअरिंगची कुरकुर सुरू होते आणि ती काढायला ठोकाठोकी करावी लागते. आटेवाल्यात उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, खोलताना लक्षात ठेवा. दोन, हेडची नळी. वर ४४, खाली ५६ आतून भरली तर आजचे टेपर्ड (खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचे) फोर्क थेट बसतात. नळी सरळ ४४ ची असेल तरी खालचा कप बाहेर ठेवणारा हेडसेट (फोर्क फिरतो ती बेअरिंगची जोडी) मिळतो, काम होतं. तीन, मागच्या हबची रुंदी. १३५ क्विक रिलीज, १४२ थ्रू ॲक्सल, १४८ बूस्ट, यातलं काय आहे ते. चार, पुढच्या फोर्कचं तेच, १०० की ११०. पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळायची गरज नसते.

हेडच्या नळीखाली जोड आहे तिथे आणि सीटच्या नळीच्या तोंडाशी रंगाला बारीक चीर दिसते का ते मोबाइलच्या टॉर्चने बघा. सीटपोस्ट हाताने फिरवून बाहेर काढायला सांगा. निघाला नाही तर ती फ्रेम सोडा, कितीही स्वस्त असो. मुंबईत ग्रीस न लावलेला पोस्ट आत धरून बसतो आणि मग तो कापूनच काढावा लागतो.

उत्तन_खाडी

मी समुद्राच्या अगदी जवळ राहतो, त्यामुळे गंजाबद्दल मी बोलू शकतो. क्रोमोलीची (मिश्र पोलादाची) फ्रेम मिळाली तर घाबरून सोडू नका, चढाव-उतारावर फार छान वाटते. पण बांधायच्या आधी ती नागडी असतानाच सगळ्या नळ्यांत जवसाचं उकळलेलं तेल ओतून फिरवा, उलटीसुलटी करा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. आत पातळ थर बसतो. पावसात फिरून आलात की सीटपोस्ट काढून सायकल उलटी ठेवायची. क्रँकच्या नळीला खाली भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं नाही ना बघायचं.

सगळ्यात आधी हेडसेटचं खालचं बेअरिंग जातं. पुढच्या चाकाचं पाणी थेट तिथे उडतं. बसवताना आजूबाजूला ग्रीस भरपूर भरा, बाहेर आलं तरी चालेल. आणि प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका, सील असली तरी आत जातं. बादली आणि फडकं पुरे.

ब्रेक पॅड्सचं राहिलं. रेझिनचे पॅड पावसाळी चिखलात फार लवकर संपतात. जून ते सप्टेंबर धातूवाले लावा. आवाज करतात, पण टिकतात. त्याआधी तुमच्या रोटरवर 'रेझिन ओन्ली' लिहिलेलं नाही ना ते वाचा.

लालबाग_ते_लोणावळा

ट्यूबलेस नक्की करा ताई. आरेत बाभळीच्या काट्यांनी ट्यूबवाल्याचं पंक्चर ठरलेलं. फक्त आपल्या उकाड्यात आतलं लॅटेक्सचं सीलंट लवकर सुकतं, डब्यावर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका. व्हॉल्व्ह खाली नेऊन कोर काढा आणि बारीक काडी घालून बघा, ओली आली तर ठीक.

मुलुंडची_चढण

काका, चाकं बांधायचं खरंच घरी जमेल? माझ्याकडे चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायचा स्टँड नाही. यूट्यूबवर बघितलं की सोपं वाटतं, हातात निप्पलचा (तारेच्या टोकाच्या नटाचा) पाना घेतला की भीती वाटते.

फिटरकाका_विक्रोळी

जमेल. स्टँड लागत नाही. सायकल उलटी करून ठेवा, चाक फ्रेममध्येच लावा. दोन्ही बाजूच्या दांड्यांना रिमच्या पातळीवर एकेक केबल टाय घट्ट बांधा आणि शेपूट कापा, रिमपासून मिलिमीटरभर राहील एवढं. मागे पांढरा कागद चिकटवा आणि ट्यूबलाइटखाली बसा. चाक हळू फिरवलं की टाय आणि रिम यांच्यामधली पांढरी फट कमी-जास्त होताना स्वच्छ दिसते. अर्ध्या मिलिमीटरचा आउटसुद्धा नजरेतून सुटत नाही.

तारांची लांबी हा पहिला टप्पा आणि इथे घाई चालत नाही. २६ पेक्षा २९ ची तार तीन सेंटीमीटरने लांब असते, ३२ तारा आणि तीन क्रॉसला (प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते) साधारण २९० च्या आसपास. पण 'आसपास'वर तारा घेऊ नका. दोन जुन्या तारा घ्या, प्रत्येकीवर निप्पल ठराविक आटे चढवा, रिमच्या समोरासमोरच्या भोकांतून आत ओढा आणि दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा. रिमला चार ठिकाणी मोजा. हबच्या फ्लँजचा (तारा अडकतात त्या कड्यांचा) व्यास, मधून दोन्ही फ्लँजपर्यंतचं अंतर, हे व्हर्नियरने. डावी-उजवीकडची लांबी वेगळी येते, तशीच घ्या. काळबादेवीच्या सायकल मार्केटमध्ये सांगाल त्या लांबीची तार शोधून देणारे आहेत, पण लांबी तुम्ही सांगायची.

मोठ्या चाकाची तार लांब, म्हणून ते आडव्या जोरात लहान चाकापेक्षा जास्त वाकतं. बूस्ट हब काढले ते यासाठीच. फ्लँज बाहेर सरकल्या की तारा जास्त तिरक्या बसतात आणि रिमला दोन्हीकडून आधार मिळतो. तुमची फ्रेम बूस्टची नसली तर अडत नाही, तुमचं वजन कमी आहे, ३२ तारा पुरतात. २८ वर जाऊ नका.

बांधताना प्रत्येक तारेच्या आट्याला तेलाचं बोट लावा. सगळी निप्पलं आटे दिसेनासे होईपर्यंत, सगळी सारखी. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून अर्धा-अर्धा फेरा. आधी उंचीचा आउट काढा, म्हणजे चाक कुठे अंडाकृती आहे ते. आडवा आउट सगळे आधी काढतात, कारण तो डोळ्यात भरतो, पण तार कडक झाल्यावर उंचीचा निघत नाही. मग आडवा. मग रिम मधोमध आहे का ते, चाक उलट बाजूने लावून त्याच टायवर बघायचं. दर दोन फेऱ्यांनी समांतर तारांच्या जोड्या हातात धरून जोरात आवळा, चाकभर. टक-टक आवाज येतो, पीळ पडलेली तार मोकळी होत असते. हे केलं नाही तर पहिल्याच उतारावर ती मोकळी होते आणि चाक परत वाकडं.

कडकपणा मोजायचं मीटर महाग आहे. कानाने करा. एकाच बाजूच्या तारा नखाने छेडत जायच्या, सगळ्यांचा सूर तंबोऱ्यासारखा जुळला पाहिजे. मागच्या चाकाला कॅसेटच्या बाजूचा सूर चढा आणि दुसरीकडचा उतरता, पुढे डिस्कच्या बाजूचा चढा. शेजारी चांगल्या मेकॅनिकने बांधलेलं २९ चं चाक ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा. पहिलं चाक बांधायला अख्खा दिवस लागू दे. पुढच्या चाकापासून सुरू करा, त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात.

हबची बेअरिंग खराब निघाली तर हबच बदलायची गरज नसते. १५ मिलिमीटरच्या ॲक्सलला बरेचदा ६९०२ असतं, आकडा बेअरिंगच्या कडेला कोरलेला असतो. तो घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा, दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं मागा. तिथूनच १२ चा आटेवाला रॉड, दोन नट आणि चार जाड रुंद वायसर आणा, हेडसेट दाबून बसवायचं हत्यार झालं. एका वेळी एकच कप दाबायचा. तिरका जातोय असं वाटलं की थांबा, काढा, परत लावा. हातोडी जवळसुद्धा ठेवू नका. कारखान्यात माझ्याकडे शिकून गेलेल्या पोरांना मी हेच सांगत आलो, जे सरळ जायला हवं ते जोराने जात नाही.

फोर्कची नळी कापताना एकदम मापाला कापू नका. आधी वायसर जास्त ठेवून महिनाभर चालवा, हँडल कुठे हवंय ते कळू द्या. मग पाइपची क्लिप आवळून तिच्या कडेने करवत चालवा.

मुलुंडची_चढण

काका, काल एक बघून आले. भांडुपला एकाने जागेअभावी विकायला काढलीय. ॲल्युमिनियम, लहान माप, क्रँकला ७३ चे आटे, हेड वर ४४ खाली ५६, मागे १४८, पुढे ११०, फोर्क १०० चा. सीटपोस्ट हाताने निघाला. चीर कुठे दिसली नाही. दोन पायांत धरल्यावर चार बोटं मोकळी. मागचं चाक मात्र डोळ्यांना दिसेल एवढं वाकडं आहे आणि तीन तारा तुटलेल्या. म्हणून तो पैसेही कमी करतोय.

फिटरकाका_विक्रोळी

घ्या. चाक तसंही खोलायचंच होतं. फोर्क एकदा दाबून सोडून बघा, वर येताना अडखळत नाही ना आणि काळ्या नळ्यांवर उभा ओरखडा नाही ना. ते ठीक असेल तर आजच उचला.

मागच्या चाकाची रिम काढल्यावर टेबलावर सपाट ठेवा. चारही बाजूंनी टेकली तर तीच वापरू, डुलली तर नवी घ्यावी लागेल, वाकलेली रिम तारांनी सरळ ओढायची नाही. हबच्या दोन्ही फ्लँजची मापं आणि रिमचं आतलं माप इथे टाका, लांबी मी काढून देतो. तारा त्यानंतर आणा.